पॉवर फॅक्टर सुधारायचाय? मग आधी बिल आणि टाँग टेस्टर घेऊन बसा

हा लेख एमआयडीसीत छोटं-मध्यम युनिट चालवणाऱ्यांसाठी, आणि तिथे मेंटेनन्सला नवीन लागलेल्या पोरांसाठी आहे. घरगुती मीटरवाल्यांनी टेन्शन घेऊ नका, तुमचं बिल पॉवर फॅक्टरवर चालत नाही, आणि ते "प्लगला लावा, बिल ४० टक्के कमी करा" वालं डबडं तर अजिबात विकत घेऊ नका.

नेहमी काय होतं, बिलावर पॉवर फॅक्टर ०.८० दिसतो, मालक वायरमनला हाक मारतात, वायरमन म्हणतो साहेब कपॅसिटर टाकू, २५-२५ चे चार आणतात, मेन पॅनेलला डायरेक्ट जोडतात आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटतं. पुढच्या महिन्यात बिल कधी उतरतं, कधी चक्क वाढतं. माझं मत सरळ आहे, कपॅसिटर विकत घेणं हे या कामातलं शेवटून दुसरं काम आहे. त्याच्या आधी आपला लोड दिवसभरात, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कसा वागतो हे कळलं पाहिजे, नाहीतर पैसे घालून नवीन दुखणं विकत घेतल्यासारखं होतं.

थिअरी दोन मिनिटांत उरकू. मोटर, ट्रान्सफॉर्मर, वेल्डिंग मशीन यांना दोन प्रकारची पॉवर लागते. एक खरं काम करते, ती किलोवॅटमध्ये. दुसरी आतलं चुंबकीय क्षेत्र तयार करायला लागते, ती प्रत्येक सायकलला लाईनमधून येते आणि परत जाते, काम काही करत नाही पण केबलमधून करंट मात्र वाहतो, ती केव्हीएआरमध्ये. दोन्ही मिळून केव्हीए (साधी बेरीज नाही, काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखी). किलोवॅट भागिले केव्हीए म्हणजे पॉवर फॅक्टर. १०० किलोवॅटचा लोड ४१५ व्होल्टला ०.८० वर चालला तर साधारण १७४ अँपिअर ओढतो आणि १२५ केव्हीए होतो, तोच ०.९९ वर १४० च्या आसपास अँपिअर आणि १०१ केव्हीए. मशीन तीच, माल तेवढाच. कपॅसिटर ती दुसरी पॉवर तिथल्या तिथे पुरवतो म्हणून ती लांबून आणावी लागत नाही, बस्स एवढंच.

पायरी १ : बिल नीट वाचा

मागच्या १२ महिन्यांची बिलं काढा. महावितरणच्या एचटी (हाय टेन्शन) ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच बिलिंग आहे, म्हणजे युनिट किलोवॅट-अवरमध्ये नाही तर केव्हीए-अवरमध्ये मोजतात. त्यात वेगळा दंड किंवा वेगळी सूट असं काही दिसत नाही, पॉवर फॅक्टर खराब असेल तर युनिटच जास्त पडतात आणि बऱ्याच जणांना कळतही नाही की पैसे कुठे गेले. २० किलोवॅटच्या वरच्या एलटी (लो टेन्शन) कनेक्शनला बरीच वर्षं दुसरी पद्धत होती, ०.९० च्या खाली गेलात तर दंड आणि ०.९५ च्या वर गेलात तर सूट. तुम्हाला आज कोणता नियम लागू आहे ते ताज्या बिलावर बघा, शेजारच्या कंपनीला विचारून ठरवू नका, त्याचं कनेक्शन वेगळं असू शकतं.

हिशोब करून बघा. समजा महिन्याला २०,००० किलोवॅट-अवर वापर आहे. ०.८० ला केव्हीएएच होतात २५,०००. ०.९९ ला २०,२०० च्या आसपास. फरक जवळपास ४,८०० युनिट. समजा ९ रुपये दर धरला तर महिन्याला ४३ हजार रुपये, तेही फक्त एनर्जी चार्जमध्ये, डिमांड चार्ज (महिन्यातल्या सगळ्यात जास्त केव्हीएवर लागणारा) वेगळा.

आता बिलावरची जी गोष्ट नवीन लोक हमखास सोडतात ती, आरकेव्हीएएच लॅग आणि आरकेव्हीएएच लीड हे दोन आकडे (केव्हीएआर-अवरमधले). लॅग म्हणजे कपॅसिटर कमी पडले, लीड म्हणजे जास्त झाले. महाराष्ट्रातल्या केव्हीएएच बिलिंगच्या फॉर्म्युल्यात लॅग आणि लीड एकमेकांतून वजा होत नाहीत, दोन्हीची बेरीज होते. म्हणजे दिवसा कमी पडले आणि रात्री जास्त झाले तर दोन्हीकडून मार. लीडचा आकडा मोठा दिसला की समजायचं कुठेतरी कपॅसिटर विनाकारण चालू राहतोय. पुण्याकडे गुरुवारी सुट्टी असते, भोसरी-चिंचवडला कितीतरी शेडमध्ये बुधवारी रात्री मशीन बंद होतात पण कपॅसिटर कोणी बंद करत नाही, ते शुक्रवार सकाळपर्यंत लीड मोजत बसतात.

पायरी २ : लोड मोजा, अंदाज नको

किलोवॅट, केव्हीएआर आणि पॉवर फॅक्टर दाखवणारा टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर) हवा, नुसता अँपिअरवाला चालणार नाही. नसेल तर एक-दोन दिवसांसाठी भाड्याने लोड मॅनेजर लावून घ्या, तिन्ही फेजचं रेकॉर्डिंग मिळतं आणि ते फार उपयोगी पडतं.

मेन इनकमरवर (जिथून सगळी वीज आत येते तिथे) रीडिंग घ्यायचं ते एकदा नाही. सकाळी मशीन सुरू होताना, फुल लोडला, जेवणाच्या सुट्टीत, रात्रपाळीत, आणि सुट्टीच्या दिवशी नुसते दिवे-पंखे चालू असताना. प्रत्येक वेळी किलोवॅट आणि केव्हीएआर दोन्ही लिहा. सगळ्यात जास्त केव्हीएआर किती हे सगळेच बघतात, सगळ्यात कमी किती हे पण तेवढंच महत्त्वाचं, कारण कायमचा जोडलेला कपॅसिटर त्यापेक्षा मोठा असता कामा नये.

मग एक-एक मोठी मोटर बघा. इंडक्शन मोटर फुल लोडला ०.८५ च्या आसपास असते, पण रिकामी फिरत असेल तर ०.१ ते ०.२ पर्यंत खाली येते आणि तरीही फुल लोडच्या तिसरा हिस्सा ते निम्मा करंट ओढते. त्यामुळे खराब पॉवर फॅक्टरचं मूळ बऱ्याचदा कपॅसिटर नसणं हे नसतंच, मूळ असतं ७.५ एचपीच्या जागी "असू दे मोठी" म्हणून बसवलेली २० एचपीची मोटर, जॉब नसताना फिरत राहिलेली प्रेस, अनलोडवर तासनतास चालणारा कॉम्प्रेसर. हे आधी सुधारा, त्यात कपॅसिटरचा खर्च नाही आणि किलोवॅट पण वाचतात. डेल्टात चालणारी एखादी मोटर कायम तिसरा हिस्सा लोडच्या खालीच असेल तर ती स्टारमध्ये चालवून पण (स्टार आणि डेल्टा या वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती) पॉवर फॅक्टर सुधारतो, फक्त टॉर्क तिसरा हिस्सा राहतो हे लक्षात ठेवा, जड लोड आला की मोटर बसेल.

पायरी ३ : केव्हीएआर किती लागणार

फॉर्म्युला असा, किलोवॅट गुणिले (आत्ताच्या अँगलचा टॅन वजा पाहिजे त्या अँगलचा टॅन), अँगल म्हणजे ज्याचा कोसाइन पॉवर फॅक्टर येतो तो. टॅन-बिन नको असेल तर ०.९९ पर्यंत न्यायला हे गुणक वापरा: आत्ता ०.७० असेल तर ०.८८, ०.७५ ला ०.७४, ०.८० ला ०.६१, ०.८५ ला ०.४८, ०.९० ला ०.३४, ०.९५ ला ०.१९. आपल्या उदाहरणात १०० किलोवॅट आणि ०.८०, म्हणजे साधारण ६१ केव्हीएआर.

इथे किलोवॅट म्हणजे त्या वेळी खरंच चालू असलेले, सगळ्या मोटरींच्या नेमप्लेटची एचपी बेरीज नाही. ती बेरीज धरून पॅनेल घेतलं की ते दुप्पट मोठं येतं आणि अर्ध्या स्टेप (एकेक करून चालू-बंद होणारे कपॅसिटरचे गट) आयुष्यात लागत नाहीत. आणि बरोबर १.०० च्या मागे लागू नका, ०.९९ वरून १.०० ला जायला याच लोडला अजून १४ केव्हीएआर लागतात आणि वाचतो फक्त एक टक्का, शिवाय जरा लोड उतरला की लीडमध्ये गेलात.

अजून एक, कपॅसिटरने किलोवॅट-अवर जवळजवळ कमी होत नाहीत. आपल्याच आतल्या केबलमधला लॉस कमी होतो (वरच्या उदाहरणात त्या केबलचा लॉस तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त उतरतो) पण तो मुळात एकूण वापराच्या थोडासा भाग असतो. कोणी "आमच्या पॅनेलने वीजवापर ३० टक्के कमी" म्हणत असेल तर कोणते युनिट, केडब्ल्यूएच का केव्हीएएच, एवढं एकच विचारा.

पायरी ४ : कुठे बसवायचे

दिवसभर सलग चालणारी मोठी मोटर असेल, पंप, ब्लोअर, कॉम्प्रेसर असं काही, तर तिच्याच स्टार्टरवर कपॅसिटर द्या. मोटर चालू तर कपॅसिटर चालू, मोटर बंद तर तोही बंद, लीडची कटकट नाही. १५०० आरपीएमच्या १० एचपीला साधारण ४ केव्हीएआर, २० एचपीला ७ च्या आसपास. यापेक्षा मोठा घालू नका, मोटरच्या नो-लोड चुंबकीय करंटच्या ९० टक्क्यांवर गेलात तर सप्लाय बंद केल्यावर मोटर स्वतःच जनरेटरसारखी व्होल्टेज तयार करते आणि वाइंडिंगची वाट लागू शकते. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर मोटर डेल्टात आल्यावरच कपॅसिटर लागेल असं वेगळं कॉन्टॅक्टर द्या. ओव्हरलोड रिलेच्या खाली जोडला तर रिलेतून जाणारा करंट कमी होतो, मग सेटिंग पण खाली आणावं लागतं, हे विसरलं तर मोटरचं प्रोटेक्शन नावालाच राहतं.

व्हीएफडीच्या (मोटरचा स्पीड बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) किंवा सॉफ्ट स्टार्टरच्या आउटपुटला कपॅसिटर लावायचा नाही. कधीच नाही. ड्राइव्ह उडतो.

बाकी सगळा चढउतार करणारा लोड, लेथ, मिलिंग, प्रेस, वेल्डिंग, यासाठी मेन पॅनेलजवळ एपीएफसी पॅनेल (लोड बघून रिलेने कपॅसिटर आपोआप चालू-बंद करणारं). स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या नो-लोडसाठी एक छोटा फिक्स कपॅसिटर, केव्हीएच्या ५ टक्क्यांच्या आसपास, पण तोही मोजून.

पायरी ५ : कपॅसिटर आणि त्याचं सामान निवडताना

कपॅसिटरचे केव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात बदलतात. ४४० व्होल्टला २५ केव्हीएआर लिहिलेला कपॅसिटर ४१५ ला २२ च देतो. ५२५ व्होल्टचा घेतला तर ४४० ला ७० टक्केच मिळतात. कोटेशनमध्ये नुसतं "२५ केव्हीएआर" लिहिलेलं असेल तर कोणत्या व्होल्टेजला ते लिहून मागा, स्वस्त कोटेशनचा खेळ बऱ्याचदा इथेच असतो. रात्री आपल्याकडे व्होल्टेज चढतं, ४४० च्या वर सहज जातं, ते पण मोजून ठेवा.

कॉन्टॅक्टर साधा चालत नाही, कपॅसिटर ड्युटीचा पाहिजे, ज्याला वर रेझिस्टन्सच्या वेटोळ्या वायरी असतात. कपॅसिटर ऑन होताना क्षणभर कित्येक पट करंट घेतो, साध्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटतात आणि मग रिले बंद कर म्हणाला तरी स्टेप चालूच. फ्युज आणि केबल कपॅसिटरच्या करंटच्या दीडपट धरा, ४४० व्होल्टच्या २५ केव्हीएआरचा करंट ३३ अँपिअर, म्हणजे ५० चा फ्युज. पॅनेलला हवा लागते. पत्र्याच्या शेडखाली, भट्टीशेजारी, बंद कपाटात ठेवलं तर उन्हाळ्यात कपॅसिटर फुगणारच, नेहमीच्या क्लासचे कपॅसिटर जास्तीत जास्त ५५ डिग्रीचे असतात आणि मे महिन्यात पॅनेलच्या आत ते सहज ओलांडलं जातं.

पायरी ६ : हार्मोनिक आहे का बघा

तुमच्याकडे व्हीएफडी, मोठे यूपीएस, इंडक्शन फर्नेस, सीएनसी असं बरंच असेल तर हे सोडून पुढे जाऊ नका. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना आणि जालन्याच्या स्टीलवाल्यांना हे सांगायला नको, पण आता साध्या इंजेक्शन मोल्डिंगच्या शेडमध्ये पण ड्राइव्ह भरलेले असतात.

अशा लोडचा करंट सरळ साइन वेव्ह नसतो, त्यात २५० हर्ट्झचा पाचवा, ३५० हर्ट्झचा सातवा असे हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतले करंट, असतात. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून एका ठराविक फ्रिक्वेन्सीला रेझोनन्स करतात, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीचा करंट कित्येक पट वाढतो. काढायला सोपं आहे, ट्रान्सफॉर्मरचा शॉर्ट सर्किट केव्हीए (त्याचा केव्हीए भागिले इम्पीडन्सची टक्केवारी) भागिले कपॅसिटरचे केव्हीएआर, त्याचं वर्गमूळ. ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ५ टक्के इम्पीडन्स, शॉर्ट सर्किट १०,००० केव्हीए. त्यावर २०० केव्हीएआर चालू असतील तर ५० चं वर्गमूळ, ७ च्या जवळ, म्हणजे बरोबर सातव्या हार्मोनिकवर जाऊन बसलात. मग कपॅसिटर फुगणं, फ्युज उडणं, ड्राइव्ह कारण नसताना ट्रिप होणं सुरू, आणि लोक शिव्या कपॅसिटर कंपनीला घालतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

उपाय म्हणजे प्रत्येक स्टेपला सिरीजमध्ये एक कॉइल, म्हणजे डिट्यून्ड रिअॅक्टर. ७ टक्क्यांचा रिअॅक्टर रेझोनन्स १८९ हर्ट्झला खाली आणतो, पाचव्याच्या बराच खाली. पण रिअॅक्टर आला की कपॅसिटरवरचं व्होल्टेज वाढतं, ४४० च्या लाईनवर ४७३ होतं, म्हणून तिथे ४४० चा कपॅसिटर चालणार नाही, ४८० किंवा ५२५ चा घ्या. नुसते जुन्या पॅनेलमध्ये रिअॅक्टर घुसवू नका. आणि पॉवर फॅक्टर मुख्यतः हार्मोनिकमुळेच खराब असेल तर कपॅसिटरने तो सुधारणार नाही, तिथे फिल्टर लागतो, खर्चाचं काम आहे.

पायरी ७ : एपीएफसी रिले आणि सीटी

"नवीन पॅनेल बसवलं तरी फरक नाही" या तक्रारीत मी सगळ्यात आधी सीटी (मेनचा करंट लहान करून रिलेला दाखवणारा करंट ट्रान्सफॉर्मर) बघतो. सीटी मेन इनकमरवर अशा ठिकाणी हवी जिथून लोडचा आणि कपॅसिटर पॅनेलचा, दोन्हीचा करंट जातो. पॅनेलच्या टॅपिंगच्या पुढे फक्त लोडकडे लावली तर रिलेला कपॅसिटरचा परिणाम दिसतच नाही, तो बिचारा पॉवर फॅक्टर खराबच आहे समजून एकामागून एक सगळ्या स्टेप टाकत जातो आणि तुम्ही लीडमध्ये.

साध्या एक सीटीच्या रिलेला सीटी आर फेजवर आणि व्होल्टेज वाय आणि बी वरून, असं साधारण असतं, तरी त्या रिलेचं कनेक्शन डायग्राम बघाच. सीटी दुसऱ्याच फेजला गेली किंवा तिची एस१-एस२ टोकं उलटी झाली की रिले भलतंच दाखवतो. तपासायची पद्धत: सगळे कपॅसिटर बंद करा, मोटरी चालू ठेवा, रिलेवर लॅग दिसला पाहिजे आणि टाँग टेस्टरशी जुळला पाहिजे. मग मॅन्युअलवर एक स्टेप टाका. पॉवर फॅक्टर वाढला आणि मेनचा करंट उतरला तर बरोबर, नाहीतर आधी वायरिंग.

सीटीचा रेशो पण बघा. पुढे एक्स्पान्शन होईल म्हणून १०००/५ ची लावलेली असते आणि रात्री लोड असतो २० अँपिअर, रिलेला हातात मिळतो ०.१ अँपिअर, त्यात तो काय ठरवणार. वेल्डिंगसारखा दोन फेजवरचा लोड जास्त असेल तर एका फेजवर बघून निर्णय घेणारा रिले फसतो, मीटर मात्र तिन्ही फेज मोजतं, तिथे तीन सीटीवाला रिले घ्या.

स्टेप समान ठेवू नका. ६० केव्हीएआरसाठी १५ चे चार यापेक्षा ५, ५, १०, २०, २० असं केलं तर ५-५ च्या टप्प्याने कुठेही थांबता येतं. कॉन्टॅक्टरवाल्या पॅनेलला एक स्टेप बंद झाल्यावर परत लावायला मिनिटभर तरी डिले ठेवा, कपॅसिटर डिस्चार्ज व्हायला हवा. स्पॉट वेल्डिंगसारखा सेकंदात येणारा-जाणारा लोड असेल तर कॉन्टॅक्टर पुरणार नाही, थायरिस्टरवालं (इलेक्ट्रॉनिक स्विचचं) पॅनेल लागतं.

छतावर सोलर असेल तर

हे हल्ली फार विचारतात. सोलर लावल्यावर पॉवर फॅक्टर कोसळला, इन्व्हर्टर खराब आहे का? बहुतेक वेळा नाही. समजा लोड १०० किलोवॅट आणि ४८ केव्हीएआर, पॉवर फॅक्टर ०.९०. दुपारी सोलरने ७० किलोवॅट दिले. मीटरमधून आता येतात ३० किलोवॅट, पण केव्हीएआर तेच ४८. पॉवर फॅक्टर झाला ०.५३. खराब काही झालेलं नाही, फक्त किलोवॅट छतावरून आले आणि केव्हीएआर लाईनवरूनच येतायत. रिलेची सीटी सोलरच्या जोडणीच्या आधी, मीटरच्या बाजूला पाहिजे, आणि एक्सपोर्ट होत असेल तर चारही क्वाड्रंट (वीज येतेय का जातेय, लॅग का लीड) ओळखणारा रिले पाहिजे, जुना रिले एक्सपोर्ट आला की गोंधळतो. बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये केव्हीएआर द्यायची सोय असते, ती पण इन्स्टॉलरकडून सेट करून घेता येते.

चालू केल्यावर

काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या. कपॅसिटर सप्लाय बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवतो, पाच मिनिटं थांबा, मीटरने तिन्ही टर्मिनल तपासा, मगच टर्मिनल शॉर्ट करून हात घाला. डिस्चार्ज रेझिस्टन्स तुटलेला असू शकतो, वरून काही कळत नाही.

पहिले पंधरा दिवस रोज मीटरचे लॅग आणि लीड दोन्ही आकडे वहीत लिहा, सुट्टीच्या आदल्या रात्री आणि सुट्टीनंतरच्या सकाळी तर नक्की. लीड फक्त सुट्टीत वाढत असेल तर फिक्स कपॅसिटर जास्त आहे, कामाच्या वेळीपण वाढत असेल तर कुठलातरी कॉन्टॅक्टर चिकटलाय किंवा सीटी चुकली आहे.

नंतर महिन्यातून एकदा प्रत्येक स्टेप मॅन्युअलवर टाकून तिन्ही फेजचा करंट टाँग टेस्टरने बघा. ४४० चा २५ केव्हीएआर ४१५ ला ३१ अँपिअरच्या आसपास घेतो. एका फेजला २० च येत असतील तर तो कपॅसिटर आतून संपत आलाय, रिले त्याला पूर्ण २५ धरूनच हिशोब करत असला तरी, आणि नेमप्लेटच्या करंटपेक्षा बराच जास्त येत असेल तर पायरी ६ ला परत जा. कपॅसिटर जमिनीच्या दिशेने नाही, वरच्या झाकणाकडून फुगतो, तिथे हात न लावता टॉर्चने बघा, फुगलेला दिसला की ती स्टेप त्याच दिवशी काढा, पुढच्या शटडाऊनची वाट बघू नका.